कोकणातल्या घरातून काम करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांत बसून पगारी किंवा स्वतंत्र काम करणाऱ्यांचे आहेत. मन लागत नाही ही तक्रार सगळ्यांचीच असते. पण खणून पाहिलं तर दहातल्या सात वेळा मनाचा दोष नसतो. लाइट गेलेली असते, खुर्ची चुकीची असते, नाहीतर अर्ध्या तासात चौथ्यांदा कुणीतरी हाक मारलेली असते. म्हणून मनाला दोष देण्याआधी घराची व्यवस्था पाहावी, हे आमचं ठाम मत आहे.

सकाळी लॅपटॉप उघडून बसतो, पण तासभर कामाला हातच लागत नाही. काय करावं?

आदल्या दिवशी उठण्याआधी कागदावर एक ओळ लिहून ठेवा: उद्या कुठे, किती वाजता आणि नेमकं काय. ‘रिपोर्ट करायचा’ असं लिहून चालत नाही. ‘चहा झाला की पडवीत बसून दुसऱ्या तक्त्यातले मार्चचे आकडे भरायचे’ असं लिहा. ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं काम प्रत्यक्षात होण्याची शक्यता जास्त असते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये सविस्तर मांडलं आहे. ओळीतलं काम ३० ते ४० मिनिटांत संपेल एवढंच असावं. मोठं काम दिसलं की हात मेल उघडण्याकडे वळतो आणि मेल उघडली की सकाळ गेली.

पहिली ४५ मिनिटं मेल आणि व्हॉट्सॲप बंद. ग्राहक सेवेसारख्या नोकरीत हे शक्य नसतं. तिथे शिफ्ट सुरू होण्याआधीची २० मिनिटं अशी राखा.

आणखी एक गोष्ट हमखास उपयोगी पडते. संध्याकाळी काम पूर्ण संपवून उठू नका. पुढचं वाक्य किंवा पुढचा आकडा काय येणार हे ठाऊक असतानाच थांबा. सकाळी कोऱ्या पानासमोर बसण्यापेक्षा अर्धवट ओळ पुरी करणं फार सोपं जातं.

दिवसातला कोणता वेळ अवघड कामासाठी ठेवावा?

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसहा ते साडेदहा. कौलाखाली किंवा पत्र्याखाली अकरानंतर डोकं चालत नाही आणि लॅपटॉपही चालत नाही. आतला प्रोसेसर तापला की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि माणसाला वाटतं नेट हळू झालं. पावसाळ्यात गरमीचा प्रश्न नसतो, पण लाइट कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे तेव्हाही अवघड काम सकाळीच उरकावं, म्हणजे दुपारी लाइट गेली तरी दिवस हातचा जात नाही.

जांभ्याचं जुनं घर आहे. बसायचं कुठे? पडवीत, माजघरात की माळ्यावर?

माजघर थंड असतं, पण अंधारं असतं आणि घरातल्या प्रत्येकाची वाट तिथूनच जाते. माळा शांत असतो. पावसाळ्यात आणि थंडीत तो उत्तम, उन्हाळ्यात मात्र दहाच्या पुढे भट्टी. पडवीत उजेड आणि वारा दोन्ही मिळतात. त्रास एकच: वाटेने जाणारा प्रत्येक माणूस तुम्हाला दिसतो आणि तुम्ही त्याला.

आमची पसंती पडवीच्या कोपऱ्याला आहे, स्वयंपाकघरापासून लांबच्या. भिंतीला पाठ करून बसा आणि खळं, म्हणजे पुढचं अंगण, समोर न ठेवता बाजूला ठेवा. वाटेकडच्या अंगाला पडदा किंवा बांबूची तट्टी लावा. चार फूट उंचीची पुरते, बसलेला माणूस दिसला नाही की गप्पांना कुणी थांबत नाही. खिडकी किंवा अंगण तुमच्या पाठीमागे आलं तर व्हिडिओ कॉलवर तुम्ही काळी सावली दिसता आणि पडद्यावर उजेडाची चमक येते, म्हणून उजेड नेहमी बाजूने यावा. पावसाळ्यात झड आत येते. टेबल पावळीपासून निदान पाच-सहा फूट आत घ्या आणि एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर कधीच ठेवू नका, भिंतीला कंबरेएवढ्या उंचीवर ठोका.

जागा छोटी असली तरी चालेल, पण ती रोज तीच असावी. आज झोपाळ्यावर, उद्या खाटेवर असं केलं की शरीराला कळतच नाही हे काम आहे की आराम.

चांगली खुर्ची लगेच घेणं शक्य नाही. पाठ दुखते. घरात आहे त्यात काय जमेल?

बरंच जमतं. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर हात ठेवल्यावर कोपर काटकोनात यायला हवा. प्लास्टिकची खुर्ची बहुधा बुटकी पडते, मग खांदे वर उचलले जातात आणि मान दुखते. खुर्चीत घट्ट उशी किंवा घडी घातलेली गोधडी टाकून उंची वाढवा. त्यामुळे पाय लोंबकळायला लागले तर पायाखाली जेवणाचा पाट घ्या. हा पाट हजार रुपयांच्या फूटरेस्टइतकंच काम करतो.

लॅपटॉपखाली १२ ते १५ सेंटिमीटर उंचीची जाड पुस्तकं ठेवा, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. डोळ्यांपासून पडदा ५० ते ७० सेंटिमीटर लांब. अर्थात मग कीबोर्ड आणि माउस वेगळे लागतात, आणि पहिला खर्च करायचा तर याचाच करा. दर २० मिनिटांनी २० सेकंद सहा मीटरपलीकडे बघा. कोकणात त्यासाठी माडाचा शेंडा असतोच.

घरचे म्हणतात, ‘घरीच तर आहेस.’ दिवसभर हाका येतात. त्यांना दुखवायचंही नाही. मग?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि यात घरच्यांचा दोष फारसा नाही. ऑफिसला जाणारा माणूस एसटीत बसताना दिसतो. तुम्ही कामाला गेलात हे घरात कुणाला दिसतच नाही. ‘घराकच असस मां? मग जरा माका बाजारात सोड,’ असं काका म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांना तुम्ही खरंच बसलेलेच दिसत असता. तेव्हा काम दिसेल असं करायला हवं.

स्वयंपाकघरात, जिथे कॅलेंडर टांगलेलं असतं तिथेच, एक पाटी लावा. रोज सकाळी तिच्यावर खडूने फक्त दोन गोष्टी लिहा: आज मीटिंग किती ते किती, आणि मी मोकळा केव्हा. दुसरी ओळ पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. ‘आता नको’ एवढंच ऐकलेली आई पाच मिनिटांनी परत विचारते. ‘एक वाजता करतो’ असं ऐकलेली आई एकपर्यंत थांबते. मात्र एक वाजता उठायचंच. दोनदा शब्द मोडलात की पाटीकडे कुणी पाहणार नाही.

मीटिंग चालू असल्याची खूणही एकच ठरवा. दारावर लाल पंचा टांगला म्हणजे आत बोलणं सुरू आहे. हेडफोन ही खूण चालत नाही, कारण गाणी ऐकतानाही तो कानावर असतोच.

बाजार, दळण, गॅसचा नंबर, आजीची औषधं ही कामं सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर तुम्ही होऊन अंगावर घ्या. मागण्याआधी झालेलं काम दिवसाच्या चार हाका वाचवतं. मासेवालीची पाटी बहुतेक गावांत दहा-अकराच्या सुमारास येते, तेव्हा पैसे एका ठरलेल्या डब्यात ठेवा म्हणजे सुट्ट्यांसाठी तुम्हाला उठावं लागणार नाही.

आजी-आजोबांना पडद्याशी बोलणं हे काम वाटत नाही. त्यांना एकदा दहा मिनिटं शेजारी बसवून मीटिंग ऐकू द्या. नातवाला कुणीतरी प्रश्न विचारतंय आणि तो उत्तर देतोय, हे एकदा पाहिलं की पुढे तीच माणसं बाकीच्यांना गप्प बसवतात.

पण स्वयंपाक, मुलं, पाणी सगळं माझ्याकडेच आहे. पाटी लावून काय होणार?

बरोबर आहे. घरून काम करणाऱ्या बाईची अडचण वेळापत्रकाने सुटत नाही, कामाच्या वाटणीने सुटते, आणि ते घरात मोठ्याने बोलावं लागतं. आठवडाभर कागदावर लिहा: कोणत्या वेळी कशासाठी उठावं लागलं. नळाला पाणी, कुकर, मुलांचा डबा, कुरिअर. मग त्यातली निदान दोन कामं, जी ठरलेल्या वेळी येतात, ती कायमची दुसऱ्या माणसाकडे द्या. ‘जमेल तेव्हा मदत कर’ हे टिकत नाही. ‘पाणी भरणं तुझं’ हे टिकतं.

उरलेल्या कामांत घड्याळ ओळखा. कुकर आपला आपण शिजतो, मासे साफ करायला चाळीस मिनिटं हात अडकतात. पहिलं काम दोन कॉलच्या मध्ये बसतं, दुसरं बसत नाही. ते सकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी करून फ्रीजरमध्ये ठेवलेलं बरं.

मध्येच उठावं लागलं की परत काम सापडायला अर्धा तास जातो. असं का होतं?

एका कामातून दुसऱ्यात गेलं तरी मनाचा एक भाग आधीच्या अर्धवट कामात अडकून राहतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला. उपाय साधा आहे. हाक आली तरी दहा सेकंद घ्या आणि शेजारच्या कागदावर ‘पुढे काय’ ते लिहूनच उठा: ‘ओळ ४२, बेरीज जुळत नाही, जीएसटी तपासणे’. परत आल्यावर डोकं शोधत बसत नाही.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत खरंच चालते का?

चालते, पण सगळ्या कामांना नाही. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती सुरू केली. म्हणून तिचं नाव पोमोदोरो, म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. कंटाळवाण्या कामाला, बिलं भरायला, माहिती नोंदवायला २५ मिनिटं छान. प्रोग्रामिंग, लेखन, भाषांतर यांत सूर लागायलाच पंधरा मिनिटं जातात. तिथे ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं विश्रांती ठेवा.

खरी चूक विश्रांतीत होते. पाच मिनिटं फोन हातात घेतला की पंचवीस होतात. आपणहून संपणारं काम निवडा. पंप बंद करून येणं, कपडे दोरीवरून काढणं, मे महिन्यात उन्हात घातलेली कोकमाची सोलं परतून येणं. सोलं परतायला चार मिनिटं लागतात, उन्हात डोळे मिचमिचतात, हाताला आंबट वास लागतो, आणि हात धुऊन परत बसेपर्यंत डोकं ताजं झालेलं असतं.

दुपारी जेवल्यावर डोळेच उघडत नाहीत.

दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराची उतरती वेळ असतेच, न जेवलं तरी असते. भरपूर भात आणि आमटी त्यात भर घालतात. भात एक मूद, सोबत भाकरी, शेवटी ताक किंवा सोलकढी एवढ्यावर थांबा आणि जेवल्यावर दहा मिनिटं सावलीत चाला.

झोप घ्यायचीच तर पंधरा-वीस मिनिटं, गजर लावून, खाटेवर न पडता आरामखुर्चीत. अर्ध्या तासाच्या पुढे गेलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि तासभर डोकं जड राहतं. दोन ते तीनमध्ये मेलची उत्तरं, हजेरी, फॉर्म भरणं असली कामं ठेवा. शेवटचा चहा चार-साडेचारला. चहा-कॉफीतलं निम्मं कॅफिन पाच तासांनीसुद्धा अंगात असतं, आणि रात्रीची झोप उशिरा लागली की दुसरी दुपार आणखी वाईट जाते.

लाइट जाते. इन्व्हर्टर किती मोठा घ्यावा?

हिशोब स्वतः करा. लॅपटॉप ६० वॅट, राऊटर आणि फायबरचा डबा मिळून २०, छताचा साधा पंखा ७५, एक एलईडी दिवा १०. झाले १६५ वॅट. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-तास, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली सारखी उतरवली तर लवकर मरते, आणि इन्व्हर्टर स्वतः १५-२० टक्के खातो. हाती उरतात ७५० वॅट-तासांच्या आसपास, म्हणजे साडेचार तास. पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला तर तो ३० वॅटच्या आसपास खातो आणि तीच बॅटरी सहा तासांवर जाते. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलणं स्वस्त पडतं.

इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखा घरघरतो, काही लॅपटॉपचे चार्जर तापतात किंवा चार्जच करत नाहीत.

कुठे बिघडतं? पहिलं, घरातलं कुणीतरी मिक्सर इन्व्हर्टरच्या सॉकेटला लावतं. मिक्सर ५०० ते ७५० वॅट ओढतो आणि मीटिंगच्या मध्यावर इन्व्हर्टर बंद पडतो. इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लाल रंगाने मोठी खूण करा. दुसरं, रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. पहिल्या दिवशी सगळं व्यवस्थित चालतं, मधे तीनच तास लाइट येते आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच बॅटरी हात वर करते. लागोपाठ वादळी दिवस असतील तर दुसऱ्या दिवशी पंखा बंद ठेवून फक्त लॅपटॉप आणि राऊटर चालवा. तिसरं, बॅटरीतलं पाणी. दर दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, विहिरीचं नाही.

इन्व्हर्टर परवडत नसेल तर निदान राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाइट गेली की राऊटरला वीज देणारा बॅटरीचा डबा, घ्या. राऊटरच्या मागे व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. असा यूपीएस दोन ते चार तास चालतो, आणि तोवर लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर निघतो.

इन्व्हर्टर चालू असूनही नेट जातं. कारण काय?

तुमच्या घरी वीज आहे, पण गावातल्या ज्या पेटीतून फायबर तुमच्याकडे येते तिथे नाही. जोडणी घेण्याआधी केबलवाल्याला हाच प्रश्न विचारा: पेटीला बॅकअप किती तासांचा? याचं उत्तर वेगापेक्षा जास्त कामाचं आहे. पाऊस-वाऱ्यात झाड पडून किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तुटते, तेव्हा तर अख्खी वाडी बंद होते.

म्हणून दुसरा मार्ग मोबाइलचा, आणि तो दुसऱ्या कंपनीचा हवा. आपल्याकडे घराच्या एका कोपऱ्यात रेंज असते आणि दोन पावलांवर नसते. फोन घेऊन घरभर, विहिरीपर्यंत आणि सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या माळापर्यंत, फिरा, कुठे किती वेग येतो ते लिहून ठेवा. माळ्याच्या खिडकीत रेंज असेल तर जुना फोन तिथे चार्जरला लावून ठेवा, हॉटस्पॉट चालू करा आणि तुम्ही खाली बसा. व्हिडिओ कॉलला तासाला साधारण १ जीबी डेटा जातो, त्यामुळे रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर एक मीटिंग झाली की संपलं. कॅमेरा बंद करून फक्त आवाज ठेवला तर तेवढ्याच पॅकवर दिवस निघतो.

मोबाइल टॉवरसुद्धा बॅटरीवर काही तासच चालतो. जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ चं तौक्ते, दोन्ही वादळांत वीज आणि फोन एकदमच गेले होते. असा इशारा आला की आदल्या दिवशीच वरिष्ठांना आणि ग्राहकांना कळवा, लागणाऱ्या फायली लॅपटॉपमध्ये उतरवून घ्या आणि नेट नसतानाही करता येईल अशा कामांची यादी काढून ठेवा.

राऊटर ओटीवर आहे, आत नेट पोचतच नाही.

जांभ्याच्या जाड भिंती वायफाय अडवतात. राऊटरची दोन नावं दिसत असतील तर २.४ गिगाहर्ट्झवालं निवडा. वेग कमी मिळतो, पण भिंतीतून तेच जास्त जातं. त्याहून चांगलं म्हणजे राऊटरपासून टेबलापर्यंत सरळ लॅन केबल टाकणं. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते. वासा धरून नेली तर दिसतही नाही. मात्र उंदीर ती कुरतडतात, म्हणून पीव्हीसी पट्टीतून न्या. एका घरातून दुसऱ्या घरात अंगणातून उघड्यावर लॅन केबल ओढू नका, विजा चमकण्याच्या दिवसांत दोन्हीकडची यंत्रं एकदम जातात.

विजा चमकत असताना काम चालू ठेवावं का?

बॅटरीवर आणि मोबाइल नेटवर, हो. सॉकेटला जोडलेलं, नाही. मे-जूनचे पहिले पाऊस आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, बहुतेक दुपारनंतर, हे धोक्याचे दिवस. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. चार्जर, राऊटर आणि लॅन केबल तिन्ही काढा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या. स्पाइक गार्डच्या भरवशावर राहू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे ॲप जवळच्या विजेची सूचना देतं, ते फोनवर असू द्या.

बराच वेळ गेलेली लाइट परत आली की लगेच काही जोडू नका. पाच मिनिटं थांबा, सुरुवातीला व्होल्टेज वरखाली होतं.

पत्र्यावरच्या पावसात मीटिंगमध्ये माझा आवाजच ऐकू जात नाही.

लॅपटॉपचा माइक वापरू नका. तोंडाजवळ दांडी येणारा हेडसेट घ्या, दांडी ओठांच्या कोपऱ्याजवळ दोन बोटं अंतरावर. मीटिंगच्या ॲपमधला आजूबाजूचा आवाज गाळण्याचा पर्याय ‘हाय’वर ठेवा. बोलत नसाल तेव्हा माइक बंद. घरात एखादी खोली स्लॅबची असेल तर मोठी मीटिंग तिथे घ्या. आणि मुद्दे आधीच चॅटमध्ये लिहून टाका, म्हणजे सर कोसळली तरी तुमचं म्हणणं पोचलेलं असतं.

पावसाळ्यात लॅपटॉपला बुरशी येते, पोर्ट हिरवे पडतात.

दमट हवेत बंद पडून राहिलेलं यंत्र सगळ्यात आधी खराब होतं. रोज निदान तासभर चालू ठेवा, आतली उष्णता ओल घालवते. ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलसोबत ठेवा. कपाटात ठेवण्याची सवय असेल तर आत तारेचा (एलईडी नव्हे) झिरो बल्ब पेटता ठेवण्याची जुनी युक्ती आजही चालते, फक्त कपडे बल्बला टेकू देऊ नका. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की ओलावले असं समजा आणि गरम करून परत वापरा. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या तव्यावर कधीही भाजू नका.

समुद्राजवळ खारा वारा पोर्टवर गंज आणतो. रबरी बुचं स्वस्त मिळतात, ती लावा. शिवाय एक जादा चार्जर घरात असू द्या. तालुक्याच्या गावी तो मिळेलच असं नाही आणि मागवला तर तीन-चार दिवस जातात.

गणपती, शिमगा, आंबा, लावणी. या दिवसांत कामाचं काय?

या दिवसांत निम्मं काम आणि निम्मं घर असं करायला जाऊ नका. दोन्ही बिघडतं आणि अपराधी वाटत राहतं ते वेगळंच. जानेवारीतच कॅलेंडर घेऊन बसा. चतुर्थीचा आदला दिवस आणि पुढचे निदान दोन दिवस, तुमच्या गावी पालखी घरी येण्याचा दिवस, जुलैत लावणीचे दोन-तीन दिवस, एवढ्या रजा तेव्हाच मांडा. आठ महिने आधी मागितलेली रजा कुणी नाकारत नाही, आठ दिवस आधी मागितलेली नाकारतात.

आंब्याचं वेगळं आहे, तो दोन महिने चालतो. बागायत असेल तर एप्रिल-मेमध्ये पहाटेची तोडणी आणि संध्याकाळी पेट्या भरणं यांच्यामध्ये, दहा ते चार, अशी कामाची वेळ ठरते का ते ऑफिसशी बोलून घ्या. आढीतला आंबा निवडण्याचं काम घाईत होत नाही, ते कॉलवर बोलता बोलता करू नका.

चाकरमानी आले की घर भरतं. त्या आठवड्यात पडवी सोडा आणि माळ्यावर किंवा शेजारच्या बंद घरात बसायची सोय आधीच करून ठेवा.

परदेशातल्या लोकांबरोबर काम आहे, रात्री बसावं लागतं.

न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ. त्यांची घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये बदलतात, त्या आठवड्यात हमखास मीटिंग चुकते. रात्रीचं काम असेल तर झोपेचे सलग सात तास आणि खोली ठरवा. गडद पडदा लावा आणि सकाळी घरात कुणाला कुठे हाक मारायची ते सांगून ठेवा. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून झोपेची वेळ उलटी केलीत की सोमवार-मंगळवार वाया जातात.

घरून काम करणाऱ्यांचं काम खरंच कमी होतं का? वरिष्ठांना तसं वाटतं.

शांघायच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत नऊ महिने प्रयोग झाला. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण अटी वाचा: घरी स्वतंत्र खोली, ब्रॉडबँड, आणि आठवड्यातले चार दिवस घरी तर पाचवा ऑफिसात. शिवाय त्याच कामगिरीवर घरी बसणाऱ्यांना बढती कमी मिळाली, आणि संधी मिळाल्यावर अनेक जण एकटेपणाला कंटाळून परत ऑफिसात गेले.

त्यातून दोन कामं निघतात. दर शुक्रवारी वरिष्ठांना पाच ओळी लिहा: काय संपलं, काय अडलं, कुणाची मदत हवी, पुढच्या आठवड्यात काय, सुट्टी असेल तर कधी. आणि आठवड्यातून एक दिवस दोन-तीन तास घराबाहेर, माणसांत बसून काम करा. तालुक्याचं वाचनालय चालतं, रत्नागिरीचं तर १८२८ पासूनचं आहे. तिथे कॉल घेता येत नाहीत, पण वाचन आणि लिखाण तिथे घरापेक्षा लवकर होतं.

काम संपतच नाही, रात्री जेवतानाही मेल बघतो.

दिवेलागण ही वेळ धरा. देवापाशी दिवा लागला की लॅपटॉप मिटायचा, उद्याची एक ओळ लिहायची आणि कामाचं फोनवरचं ॲप बंद करायचं. घरात ही वेळ पूर्वीपासून ठरलेली आहे, ती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवू नका, कपाटात ठेवा.

हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे कशातच मन लागत नाही.

झोप उडाली असेल, भूक गेली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा वाटत असतील तर हा आळस नाही आणि वेळापत्रकाने तो जाणार नाही. डॉक्टरांना दाखवा. टेलिमानस ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

पावसाआधी काय करून ठेवावं?

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बॅटरीचं पाणी तपासा आणि एक दिवस मुद्दाम मेन स्विच बंद करून सगळं किती तास चालतं ते घड्याळ लावून पाहा. टेबलाच्या वरच्या छपराची कौलं शाकारून घ्या. एकच फुटकं कौल नेमकं तिथेच गळतं. दुसऱ्या सिमचा पॅक भरा आणि त्यावर एक पूर्ण मीटिंग करून बघा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. आणि सर्व्हिस वायरवर माडाची झावळ किंवा फणसाची फांदी आली असेल तर स्वतः कोयता घेऊन चढू नका. वायरमनला आत्ताच सांगा, कारण जूनमध्ये तो अख्ख्या गावाला हवा असतो.